छाणीपर्यंत पिवळं

बडोदे शहर आणि छाणी गाव यांच्यामधलं अख्खं गायरान मी एका शनिवारी दुपारी, शेवउसळ खायला उशीर होतोय म्हणून, पिवळं करून टाकलं.

जमिनीवर नव्हे, नकाशावर. पण आमच्या शहर विकासाच्या कचेरीत जे नकाशावर व्हायचं ते पुढे जमिनीवर व्हायचंच, फक्त जरा उशिरा आणि जास्त आवाज करत. नकाशात पिवळा रंग म्हणजे वस्ती: बंगले, सोसायट्या, दुकानं. हिरवा म्हणजे शेती, गायरान, मोकळं रान. ज्या तुकड्यावर पिवळा चढला तिथे आज ना उद्या सिमेंटची पोती येऊन पडणार, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो, तोही हंगामी.

नकाशे तेव्हा हाताने रंगवायचे. पाण्यात कालवलेला रंग ब्रशने कागदावर सोडायचा आणि त्याचा ओला काठ ओढत ओढत पुढे न्यायचा. यात पथ्य एकच. मधे थांबायचं नाही. थांबलात की काठ तिथे वाळतो, डाग पडतो आणि सगळ्या कचेरीला कळतं की इथे माणूस जांभई द्यायला थांबला होता. त्या शनिवारी मी शहराच्या उत्तर टोकाची शेवटची सोसायटी पिवळी करत होतो. अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली होती. खाली माझा मित्र सायकलची घंटी वाजवत उभा होता. हद्दीची रेघ आली कधी आणि गेली कधी, मला पत्ता नाही. बघतो तर रंग रेघेच्या बोटभर पलीकडे. थांबावं तर डाग, पुसावं तर कागदाचा लगदा. म्हटलं, पुढची रेघ येईल तिथे थांबू.

पुढची रेघ छाणीची होती.

सोमवारी खरं सांगून टाकायचं असं ठरवून मी कचेरीत गेलो. साहेब माझ्या आधीच येऊन नकाशासमोर उभे होते. म्हणाले, "सरस! एकदम सरखो रंग छे. क्यांय डाघ नथी." त्या नोकरीतलं हे माझं पहिलं कौतुक. आता सांगा, पहिलं कौतुक कोण परत करतं?

इथपर्यंतसुद्धा निभावलं असतं. पण मी राहत होतो छाणीत. आणि ज्यांच्या माडीवर राहत होतो त्या माणसाला जगात एकाच गोष्टीची काळजी होती: बडोदे आणि छाणी यांच्यामधल्या त्या गायरानाची.

*

घरमालकांना मी काका म्हणायचो. ते निवृत्त मोजणीदार होते. त्यांचे वडील गायकवाडी सरकारात, तेही मोजणी खात्यातच. काका म्हणत, "मी खुर्चीवरून न उठता तीन राज्यांत नोकरी केली. आधी गायकवाडी, मग मुंबई, मग गुजरात. वरचे बोर्ड दोनदा बदलले. खालचे हद्दीचे दगड तिथेच." भाऊबंद सगळे बडोद्यात, मराठी वस्तीच्या दांडियाबाजारात. काका एकटेच निवृत्त झाल्यावर छाणीत घर घेऊन राहिले. दांडियाबाजारातले नातेवाईक याला त्यांचं वानप्रस्थ म्हणत. काकू याला दुसरंच काही म्हणत, पण ते छापण्याजोगं नाही.

रोज सकाळी चहा झाला की काका गायरान मोजायला निघत. शहराच्या शेवटच्या घराच्या कुंपणापासून छाणीच्या पहिल्या घराच्या ओट्यापर्यंत. पावलांनी. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं आणि त्याबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चढ असो, चिखल असो, लग्नाचा मांडव असो, अडीच फूट. एकदा गायरानात म्हशी चारणाऱ्या भरवाडाचं कुत्रं मागे लागलं. मी बरोबर होतो. म्हणजे आधी बरोबर होतो, मग बराच पुढे होतो. मागे वळून पाहिलं तर काका अडीच फुटांनीच चालत होते. कुत्र्याने धोतर धरलं. काकांनी "एक हजार सहाशे चार" असं मोठ्याने म्हणून पाऊल थांबवलं, वाकून धोतर सोडवून घेतलं, आणि "पाच" म्हणून पुढे निघाले.

घरी आल्यावर आकडा काकूंना सांगायचा. "आज एकोणीसशे बावन्न."

"कालपण तेवढंच होतं," काकू पोळी लाटता लाटता म्हणत.

"म्हणून तर आनंद आहे."

"हा माणूस रोज सकाळी शहर फुगलं का बघायला जातो," काकू मला म्हणत. "मी इडलीचं पीठ बघते तसा."

मी राहायला आलो त्या आठवड्यात मी त्या गायरानाला रिकामी जागा म्हणालो होतो. काकांनी हातातला पेला खाली ठेवला. "रिकामी नाही. वापरात आहे."

"कशासाठी?"

"अंतर म्हणून."

मी हसलो. काकांनी पाहुण्याला समजावावं तसं समजावलं. "हे बघ, काठ नसलेल्या ताटात आमटी वाढून घे आणि जेवून दाखव. काठाला कुणी जेवत नाही, काठ नुसता असतो. पण तो आहे म्हणून आमटी तुझ्या मांडीवर येत नाही. ते गायरान म्हणजे बडोद्याचा काठ आहे. आणि छाणीचाही."

काकू आतून म्हणाल्या, "आमटी मी करते आणि तत्त्वज्ञान हे वाढतात."

*

काकांच्या घराचा एक रिवाज होता. पाहुण्याला दारातून निरोप द्यायचा नाही. गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला जायचं. हा रिवाज कुणाकडेही असतो, पण छाणीची वेस पडून जमाना झाला होता. तेव्हा काकांनी स्वतःच ठरवलं होतं की बरोबर अर्ध्यावर, म्हणजे नऊशे शहात्तराव्या पावलाला, वेस. तिथे एक जुना हद्दीचा दगड होता. पाहुणा मोठा असो, लहान असो, पायात चप्पल नवी असो, त्याने काकांबरोबर गायरानातून नऊशे शहात्तर पावलं चालायची. मग काका दगडापाशी थांबत, नमस्कार करत आणि म्हणत, "इथून पुढे तुम्ही बडोद्याचे."

धुळ्याहून माझा मामा आला होता तोही असाच पोचवला गेला. मामा का आला, तेही सांगतो. आईचं पत्र यायचं. पत्त्यात तिने 'छाणी, बडोदे' असं लिहिलं. काकांनी ते पोस्टमनला परत दिलं. म्हणाले, "या नावाचं ठिकाण नाही. छाणी वेगळं, बडोदे वेगळं. 'बडोद्याजवळ' असं लिहायला सांगा." पत्र 'मालक सापडत नाही' असा शेरा घेऊन धुळ्याला गेलं. आईने हंबरडा फोडला. मामा पहिल्या गाडीने आला तेव्हा मी ओट्यावर बसून लीलो चेवडा खात होतो. मामाने आधी माझ्या थोबाडीत दिली आणि मग प्रकृती विचारली. जाताना त्याला नऊशे शहात्तर पावलं चालावी लागली. दगडापाशी मामा माझ्या कानात म्हणाला, "घर बदल." मी बदललं नाही. भाडं कमी होतं आणि काकूंच्या हाताला चव होती.

गायरानाच्या शहराकडच्या टोकाला एक पानाचा गल्ला आला. चार चाकांची लाकडी टपरी. हे शहर धरायचं की नाही, यावर काकांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला: चाकं आहेत तोवर शहर नाही. जन्मात पान न खाल्लेला हा माणूस मग रोज सकाळी त्या गल्ल्यापाशी उभा राहून, खाली वाकून चाकं आहेत ना ते बघू लागला. गल्लेवाल्याला वाटलं म्हातारा काहीतरी शोधतोय. तोही वाकून शोधू लागला. एक दिवस चाकं गेली, चार विटा आल्या. काका घरी आले आणि म्हणाले, "एकोणीसशे चाळीस." बारा पावलं गेली होती. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही. मग पंचायतीत अर्ज दिला, तलाठ्याला गाठलं, आणि महिन्याभराने त्या गल्ल्याला पुन्हा चाकं लागली. काकांनी त्या दिवशी गल्लेवाल्याकडून एक पान विकत घेतलं, घरी आणलं आणि गायीला घातलं.

माडीवरून पश्चिमेला, शेजारच्या बाजवा गावापलीकडे, कोयलीच्या रिफायनरीची ज्योत दिसायची. काका तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "तिकडून ती येतेय, इकडून हे येतंय. आपण मधे, पोळपाट-लाटण्यातल्या पोळीसारखे."

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, जी मला तेव्हा अगदी क्षुल्लक वाटली होती. दिवाळीच्या आधी काकूंनी मला माडीचं दार रंगवायला सांगितलं. म्हणाल्या, "तू कचेरीत रंगाचंच काम करतोस ना? मग मजूर कशाला बोलवायचा?" मी रंगवलं. निळं. दाराबरोबर कडी निळी झाली, कुलूप निळं झालं, भिंतीचा वीतभर भाग निळा झाला, आणि कोपऱ्यात वाळत घातलेली काकांची पिशवी निम्मी निळी झाली. काका जिना चढून आले, बघत राहिले आणि म्हणाले, "रंग एकसारखा आहे, हं." त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनात. "ए रंगारी" म्हणू लागले.

*

आराखडा हरकतींसाठी जाहीर झाला. कचेरीत भिंतीवर लावला, आणि एक प्रत छाणीच्या पंचायतीतही. मी त्या संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी गेलो. काका ओट्यावर बसले होते. काकूंनी पाणी आणून दिलेलं तसंच होतं.

"गेलं," काका म्हणाले.

"कोण गेलं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"एकोणीसशे बावन्न. सगळी एकदम."

"अगं बाई, मला वाटलं माणूस गेलं," काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि काका उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू माडीवर आल्या. मी राहिलो त्या सगळ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच जिना चढून आल्या. "अरे भई, तू त्या कचेरीत आहेस ना? जरा बघ काहीतरी. हे बसून राहिलेत. बसले की माणूस संपतो रे."

मी मान हलवली. हातातली पोळी ताटात ठेवली, आणि पोळी त्यांचीच होती.

त्या दिवशी मी खरंच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, ते छाणीकडचं पिवळं..."

साहेबांनी मला बसायला सांगितलं. ड्राफ्ट्समनला बसायला सांगणं हे चांगलं लक्षण नसतं. त्यांनी आराखड्याचा अहवाल उघडून दाखवला. नकाशात छाणीपर्यंत पिवळं दिसलं तेव्हा अहवालातही त्याचं कारण हवं, म्हणून त्यांनी स्वतः तीन परिच्छेद लिहिले होते. शहराच्या वाढीची नैसर्गिक दिशा उत्तर. दळणवळणाची सोय. भविष्यातील गरजा. इतकं पटण्यासारखं लिहिलं होतं की मलाही वाटू लागलं, मी उगाच स्वतःला दोष देतोय, मी दूरदर्शी आहे.

"अने तमारी कायमी थवानी फाइल मारा टेबल पर ज छे, हं," साहेब म्हणाले.

मी आभार मानून बाहेर आलो.

घरी आलो तर काका हरकत अर्ज लिहायला बसले होते, पण कागद कोराच होता. मला म्हणाले, "रंगारी, तुझं अक्षर चांगलं आहे. तू लिही." मग मी माझ्याच चुकीविरुद्धचा अर्ज लिहायला बसलो. आठवडाभर रोज संध्याकाळी. काका सांगायचे, मी लिहायचो. 'सदर पिवळा रंग सर्वस्वी चुकीचा असून...' इथे माझं पेन अडायचं. "काय झालं?" काका विचारायचे. "शाई," मी म्हणायचो. सहा प्रती झाल्या. गावात अर्ध्याच लोकांनी सह्या केल्या. बाकीच्यांना पिवळा रंगच आवडला होता, शेताला भाव येणार होता. सरपंच दोन्हीकडे हसून बोलत होते. भरवाडाने अंगठा दिला, तो मात्र सहाही प्रतींवर, न विचारता.

*

सुनावणीच्या दिवशी हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. काका स्वच्छ धोतर नेसून, खिशात भिंग घेऊन आले होते. सुरुवात भरवाडानेच केली. काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मारी भेंसोने नकशो वांचतां नथी आवडतुं. ए तो त्यां ज चरशे." म्हशींना नकाशा वाचता येत नाही, हे साहेबांनी लिहून घेतलं.

मग काका उठले. साहेबांनी त्यांना मधेच थांबवलं. आवाज गोड होता. "काका, आ भूल नथी. आ पॉलिसी छे. शहेर कुदरती रीते उत्तर तरफ वधे छे." आणि अहवालातले तीन परिच्छेद वाचून दाखवले. हॉलमध्ये दोन-चार माना डोलल्या.

काका म्हणाले, "बराबर. मला छापील प्रत नको. मूळ रंगवलेला नकाशा दाखवा."

नकाशा आणायला मीच गेलो. उलगडून धरायला मीच उभा राहिलो. एक टोक माझ्या हातात, दुसरं शिपायाच्या. काकांनी भिंग काढलं आणि शहराच्या उत्तर टोकापासून छाणीपर्यंत बोटभर अंतरावरून डोळा फिरवत गेले, जणू तिथेही पावलं मोजत होते. मग सरळ उभे राहिले.

"साहेब, बत्तीस वर्षं हद्दी आखल्यात मी. धोरण असतं तर आधी रेघ सरकली असती, मग रंग आला असता. इथे हद्दीची काळी रेघ पिवळ्याखाली जशीच्या तशी आहे. रंग तिला ओलांडून आलाय आणि ती बिचारी तिथेच उभी आहे. आणि हे बघा, इथून पुढे रंग फिका होत जातो. ब्रश कोरडा पडत होता, पण माणूस ब्रश बुडवायला थांबला नाही. शहर नाही वाढलं, साहेब. माणूस घाईत होता. ज्याने रंगवलं त्याला विचारा."

एवढं बोलून काका खाली बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "आ रंग कोणे कर्यो?"

शिपायाला ठाऊक होतं. शेजारच्या दोन्ही ड्राफ्ट्समनना ठाऊक होतं. तिघेही छताकडे बघू लागले. मी हातातलं नकाशाचं टोक खाली घेतलं आणि त्याबरोबर छाणी खाली गेली. मी टेबलाकडे पाहिलं. साहेबांनी सोबत आणलेल्या कागदांत सर्वांत वर माझी कायम होण्याची फाइल. मग काकांकडे पाहिलं. ते मांडीवर हात ठेवून बसले होते, ओट्यावर बसत तसे. त्या दोन सकाळी बसले होते तसे.

"मी, साहेब," मी म्हणालो. आणि इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण थांबणं माझ्या हातात कधीच नव्हतं. "रेघेवर थांबायचं राहून गेलं. मग थांबलो तर डाग पडला असता, म्हणून छाणीपर्यंत गेलो. शनिवार होता. शेवउसळ खायला जायचं होतं."

हॉल हसायला लागला. भरवाडाला कुणीतरी समजावून सांगितलं, तोही हसायला लागला. साहेब मात्र हसले नाहीत. अहवालाकडे बघत, अगदी हळू आवाजात, जखमी माणसासारखे म्हणाले, "अने मारा त्रण पॅराग्राफ?"

*

अंतिम नकाशात गायरान हिरवं झालं. तो नकाशा मला रंगवू दिला नाही. मला कायम केलं, ते वर्षभर उशिरा, आणि आवक-जावक टेबलावर बसवलं. तिथे रंग नसतो, नुसता शिक्का असतो. तोही चौकटीबाहेर पडतो अशी तक्रार आली, पण तो वेगळा विषय.

ते गायरान आज तिथे नाही, हे बडोदेकरांना सांगायला नको. पुढच्या कुठल्याशा आराखड्यात गेलं. आता नकाशे संगणकावर रंगतात. तिथे रंग रेघेबाहेर जातच नाही. रेघच उचलून पुढे ठेवतात. पण काका होते तोवर ते होतं, आणि शेवटच्या आजारापर्यंत ते रोज मोजत होते. लग्न ठरलं आणि मी माडी सोडली तेव्हा मलाही पोचवायला आले. नऊशे शहात्तराव्या पावलाला थांबले. हात जोडले. नेहमीचं वाक्य म्हणाले. मी पुढे दोन-चारदा मागे वळून पाहिलं. ते दगडापाशी उभेच होते, आणि त्यांच्या मागे-पुढे काहीच नव्हतं. ते काहीच नसणं किती मोठं होतं, ते मला आता त्या रस्त्यावरून रिक्षाने जाताना कळतं. डावीकडे दुकान, उजवीकडे दुकान, आणि छाणी कधी आली ते रिक्षावाल्याला विचारावं लागतं.

पण मला सांगायची आहे ती सुनावणीच्या दिवसाची संध्याकाळ.

शहराच्या शेवटच्या कुंपणापाशी बसमधून उतरलो आणि काकांनी चालायला सुरुवात केली. तोंडाने आकडे. मी मागे. भाड्याची खोली गेली हे मी धरून चाललो होतो; फक्त आजच सामान काढायचं की उद्या, एवढाच प्रश्न होता. दगडापाशी काका थांबले. "नऊशे शहात्तर," म्हणाले आणि दगडावर बसले.

मी विचारलं, "काका, तुम्हाला आजच कळलं का?"

"नकाशा पंचायतीत लागला त्याच दिवशी कळलं. वर जाऊन तुझं दार पुन्हा एकदा बघून आलो. हात तोच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? आठवडाभर माझ्याकडून अर्ज लिहून घेतलात!"

"सहा प्रती कोण लिहून देणार होतं?" काका म्हणाले. "आणि अपराधी माणसाचं अक्षर फार सुरेख येतं. एक काना वाकडा नव्हता." मग जरा थांबून, दगडावर हात फिरवत म्हणाले, "साहेबांपुढे तुझं नाव मी घेतलं असतं तर ती माझी हरकत झाली असती. तू घेतलंस म्हणून ती चूक झाली. चूक दुरुस्त होते. हरकत फेटाळतात." आणि उठून "नऊशे सत्याहत्तर" म्हणत चालू लागले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. भरवाड आधीच येऊन सगळं सांगून गेला होता, बहुधा म्हशींसकट. काकूंनी काकांना विचारलं, "किती?"

"एकोणीसशे बावन्न."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून उभा. वरपासून खालपर्यंत बघितलं त्यांनी मला.

"पानं घेतलीत, बसा दोघे," त्या म्हणाल्या. मी, जरा धीर आला म्हणून, मदत करावी या विचाराने, आमटीच्या पातेल्याकडे हात नेला. काकूंनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"तू नको वाढूस. तू ताटापासून सुरू करशील आणि बाजव्यापर्यंत जाशील."